डब्लिन वेस्टची चौथी जागा

2011च्या फेब्रुवारीत आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि डब्लिन वेस्ट या मतदारसंघातून चार जण निवडून आले. त्यांतलं एक नाव आपल्याकडे बरंच चर्चेत येऊन गेलंय : लिओ वराडकर. मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. वडील डॉक्टर, मुंबईत वाढून तिकडे स्थायिक झालेले. लिओ 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि 2019च्या डिसेंबरात वराडला येऊनही गेले. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. त्याच मतमोजणीत पहिल्या पसंतीच्या मतांमध्ये चौथ्या क्रमांकावर असलेल्या माणसाबद्दल आहे.

त्याचं नाव ब्रायन लेनिहन. देशाचा मावळता अर्थमंत्री. त्याच्या फिआना फॉल पक्षाचा त्या निवडणुकीत पालापाचोळा झाला. आधीच्या सभागृहात पाऊणशेहून जास्त जागा असलेला हा पक्ष 20 वर आला. राजधानी डब्लिनमधल्या 47 जागांपैकी त्याच्या हाती एकच राहिली, ती लेनिहनची. देश ज्या आर्थिक खड्ड्यात पडला होता त्याच्याशी ज्याचं नाव सगळ्यांत घट्ट जोडलेलं, तोच नेमका वाचला. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर तीन गोष्टी उलगडाव्या लागतात : तिथली मतदानाची पद्धत, लेनिहन घराणं, आणि 2008च्या सप्टेंबरातली एक रात्र.

आधी पद्धत, कारण ती कळली नाही तर पुढचं सगळं कोड्यात राहील.

आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहाला डॉल म्हणतात. तिथे एका मतदारसंघातून एक नव्हे, तीन ते पाच सदस्य निवडले जातात. मतदार एका उमेदवारापुढे फुली मारत नाही, तो आकडे लिहितो. सगळ्यांत आवडत्यापुढे 1, त्याच्यानंतरच्यापुढे 2, मग 3, मन भरेपर्यंत. मोजणीत आधी कोटा ठरतो. समजा जागा चार आणि वैध मतं 50,000. मग 50,000ला पाचाने भागायचं आणि एक मिळवायचा : कोटा 10,001. एवढी मतं मिळाली की उमेदवार निवडून आला. त्याला 12,000 मतं पडली असतील तर वरची 1,999 वाया जात नाहीत, ती त्याच्या मतदारांनी दिलेल्या पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात. सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतंही अशीच पुढे सरकतात. असं फेरीमागून फेरी, चारही जागा भरेपर्यंत. कधी कधी मोजणी दोन-दोन दिवस चालते आणि लोक ती क्रिकेटच्या कसोटीसारखी चवीनं पाहतात.

महाराष्ट्राला हे अगदीच परकं नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेसाठी आपले आमदार याच पद्धतीनं मत देतात. 2022च्या जूनमधली राज्यसभेची सहावी जागा आठवा. पहिल्या पसंतीत मागे असलेले धनंजय महाडिक भाजपच्या इतर उमेदवारांकडून आलेल्या जादा मतांवर शिवसेनेच्या संजय पवारांच्या पुढे गेले. पहाटेपर्यंत टीव्हीसमोर बसून अपूर्णांकातली मतं मोजणाऱ्यांना कोटा काय असतो हे तेव्हा कळलं. फरक इतकाच की आपल्याकडे हे काम दोन-तीनशे आमदार करतात, तिकडे सगळा देश करतो.

या पद्धतीचा एक परिणाम बाहेरून दिसत नाही. एकाच पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकाच मतदारसंघात उभे असतात, म्हणजे विरोधकाइतकाच धोका शेजारच्या खुर्चीतल्या आपल्याच पक्षवाल्याचा. पक्षाचं चिन्ह दोघांकडेही आहे, जाहीरनामा एकच आहे. मग मतदारानं तुमच्याच नावापुढे 1 का लिहावा? कारण तुम्ही त्याच्या आईच्या पेन्शनचं काम करून दिलंत, तिच्या मयताला आलात, आणि तुमचे वडीलही आले असते. आयरिश खासदार दर आठवड्याला मतदारसंघात बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात. आपल्याकडचा जनता दरबारच, फक्त बऱ्याचदा तो एखाद्या पबच्या मागच्या खोलीत भरतो. तीस वर्षं असं बसलेल्या माणसाचं नाव ही एक साठवण होते. तो गेला की ती साठवण कुणाला तरी हवी असते, आणि आडनाव सारखं असलं की ती फारशी सांडत नाही.

त्यामुळे आयर्लंडमधल्या घराणेशाहीचा एक ठरलेला प्रवेशदरवाजा आहे : बापाच्या निधनानंतरची पोटनिवडणूक. 2011 मध्ये पंतप्रधान झालेले एंडा केनी वडील वारल्यावर 1975च्या पोटनिवडणुकीत चोविसाव्या वर्षी डॉलमध्ये आले. त्यांच्या आधीचे पंतप्रधान ब्रायन काउएन हेही वडील वारल्यावर 1984च्या पोटनिवडणुकीतून आले, तेही चोविसाव्या वर्षी. दोघे परस्परविरोधी पक्षांचे, पण दरवाजा एकच. आपल्याला यात नवल वाटू नये. पण आपल्याकडे वारसाला तिकीट मिळालं की निम्मी लढाई संपते. तिकडे तिकिटानंतर ती सुरू होते.

आता घराणं.

लेनिहन मूळ सत्तेचं ठिकाण धरून बसलेले जमीनदार वगैरे नव्हते. आजोबा पॅट्रिक हे मध्य आयर्लंडमधल्या अथलोन या गावात कापडाचा मोठा कारखाना चालवायला आले आणि तिथलेच झाले. गंमत अशी की घराण्याची शिडी उलटी लागली. मुलगा ब्रायन (आपल्या कथेतल्या ब्रायनचे वडील) 1961 मध्ये डॉलमध्ये पोचला आणि आजोबा त्याच्यानंतर चार वर्षांनी, 1965 मध्ये. बाप मुलाच्या मागून संसदेत येणं हे घराणेशाहीच्या देशातही दुर्मीळच. पुढे मुलगी मेरी ओ'रुर्क 1982 मध्ये निवडून आली, शिक्षणमंत्री झाली आणि 1987 मध्ये भाऊ-बहीण एकाच मंत्रिमंडळात बसले. आयर्लंडमध्ये तसं त्याआधी झालं नव्हतं. तिसऱ्या पिढीत आपला ब्रायन आणि त्याचा धाकटा भाऊ कॉनर, दोघेही खासदार.

थोरला ब्रायन लेनिहन हा लोकांचा माणूस. कायदामंत्री असताना त्यानं पुस्तकांवरच्या बंदीचा कायदा 1967 मध्ये सैल केला. बंदी बारा वर्षांनी आपोआप उठेल अशी तरतूद केली आणि हजारो पुस्तकं एका फटक्यात मोकळी झाली. शिक्षण, परराष्ट्र, शेवटी उपपंतप्रधान अशी पदं त्यानं भूषवली. 1990 मध्ये राष्ट्रपतिपदाला उभा राहिला तेव्हा तो जिंकणार हे गृहीत होतं.

मग एक ध्वनिफीत निघाली. 1982 मध्ये सरकार पडलं तेव्हा राष्ट्रपतींनी डॉल विसर्जित न करता फिआना फॉलला सरकार बनवू द्यावं म्हणून राष्ट्रपती निवासात फोन गेले होते. तसा फोन मी केला नाही, असं लेनिहन जाहीरपणे सांगत होता. पण काही महिन्यांपूर्वी एका संशोधक विद्यार्थ्याला दिलेल्या मुलाखतीत, टेपवर, त्यानं केल्याचं सांगितलं होतं. तो टीव्हीवर आला, कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला की शांतपणे आठवून पाहिलं तर तसं घडलंच नव्हतं. लोकांना हसावं की रडावं कळेना. पंतप्रधान चार्ल्स हॉही हा त्याचा अनेक दशकांचा सहकारी. आघाडीतला छोटा पक्ष सरकार पाडायला निघाल्यावर त्यानं मतदानाला आठवडा असताना लेनिहनला मंत्रिमंडळातून काढलं.

तरीही पहिल्या पसंतीत लेनिहनला 44 टक्के मतं पडली. मेरी रॉबिन्सन 39 टक्क्यांच्या आसपास, तिसरे ऑस्टिन करी 17 टक्के. करी बाद झाले, त्यांची मतं पुढच्या पसंतीनं मोठ्या प्रमाणात रॉबिन्सनकडे गेली आणि देशाला पहिली महिला राष्ट्रपती मिळाली. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस हरला. करी हेही डॉलमध्ये लेनिहनच्याच डब्लिन वेस्टचे खासदार होते.

हॉहीच्या खात्यावर आणखी एक गोष्ट होती. 1989 मध्ये लेनिहनचं यकृत बदलण्यासाठी अमेरिकेत मोठी शस्त्रक्रिया झाली. तिच्या खर्चासाठी हॉहीनं उद्योगपतींकडून पैसे गोळा केले. न्यायालयीन चौकशी आयोगानं 2006 मध्ये निष्कर्ष काढला की त्यातला मोठा हिस्सा हॉहीनं स्वतःसाठी वापरला. आजारी मित्राच्या नावानं वर्गणी काढून ती खिशात घालणं... यावर टिप्पणी करण्यासारखं काही उरत नाही.

थोरला लेनिहन 1995च्या नोव्हेंबरात गेला. पोटनिवडणूक 1996च्या एप्रिलमध्ये आली आणि दरवाजा उघडला.

धाकटा ब्रायन तेव्हा छत्तीस वर्षांचा. वडिलांपेक्षा फार वेगळा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि केंब्रिजमध्ये कायदा शिकलेला, बॅरिस्टर, ट्रिनिटीत शिकवणारा. पाठीवर थाप मारून बोलावं असा त्याचा स्वभाव नव्हता, वाद घालावा असा होता. पोटनिवडणूक काही फुकट मिळाली नाही. पाणीपट्टीविरुद्ध आंदोलन उभं करणारा, जो हिगिन्स नावाचा समाजवादी त्याच्या अगदी जवळ येऊन हरला. निकालाचा धसका इतका, की सरकारनं त्याच वर्षाअखेर घरगुती पाणीपट्टी रद्द करायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी हिगिन्सही डॉलमध्ये आला.

आडनाव एवढं मोठं असूनही लेनिहनला मंत्रिपदासाठी बराच काळ ताटकळावं लागलं. घटनेचा फेरविचार करणाऱ्या सर्वपक्षीय समितीचं अध्यक्षपद, 2002 पासून मुलांच्या खात्याचं राज्यमंत्रिपद, 2007 मध्ये कायदामंत्री. वडिलांनी सांभाळलेलंच खातं. 2008च्या मे महिन्यात काउएन पंतप्रधान झाले आणि त्यांनी लेनिहनला अर्थखातं दिलं. अर्थशास्त्राशी त्याचा तोवर फारसा संबंध आलेला नव्हता. चार महिने झाले आणि सप्टेंबर आला.

आयर्लंडमध्ये दहा-बारा वर्षं घरांच्या किमती चढत होत्या आणि बँका बिल्डरांना हात सैल सोडून कर्ज देत होत्या. हे पैसे ठेवीदारांचे कमी आणि परदेशी बाजारातून थोड्या मुदतीनं उचललेले जास्त. 15 सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि त्या बाजारानं हात आखडला. लेनिहननं ठेवींवरचं सरकारी संरक्षण 20,000 युरोंवरून एक लाखावर नेलं. त्यानं भागलं नाही. त्या दिवसांत तो रात्री उशिरा स्वतः गाडी चालवत एका अर्थतज्ज्ञाच्या घरी सल्ला मागायला गेला आणि जागं राहण्यासाठी कच्च्या लसणाच्या पाकळ्या चावत बसला होता, असं त्या अर्थतज्ज्ञानं नंतर सांगितलं. 29 सप्टेंबरला अँग्लो आयरिश बँकेचा शेअर कोसळला. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पैसे उरतील की नाही, अशी वेळ.

त्या रात्री सरकारी कचेरीत पंतप्रधान, अर्थमंत्री, मध्यवर्ती बँकेचे लोक आणि दोन मोठ्या बँकांचे प्रमुख जमले. पहाटेपर्यंत निर्णय झाला, इतर मंत्र्यांना झोपेतून उठवून फोनवर संमती घेतली गेली. निर्णय असा : सहा बँकांच्या देण्यांना दोन वर्षं सरकार जामीन.

जामीन हा शब्द आपल्याला नीट माहीत आहे. चुलतभावाच्या कर्जावर सही करताना तो म्हणतो, नुसती सही हवी, पैसे मीच फेडणार. तो फेडतो तोवर तुमचा एक रुपया जात नाही, आणि लेनिहनचं म्हणणं हेच होतं. ही जगातली सगळ्यांत स्वस्त सुटका आहे, असं तो काही दिवसांनी म्हणालाही. पण सही होती सुमारे 440 अब्ज युरोंवर, आणि देशाचं वर्षाचं सकल उत्पादन दोनशे अब्जांच्याही आत. शिवाय बँकांकडे फक्त रोकड कमी आहे, भांडवल शाबूत आहे, या समजुतीवर सगळी गणना उभी होती. ती चुकीची निघाली. बँका रोकडीनं नव्हे, आतून पोकळ झाल्या होत्या. 2013 मध्ये अँग्लोच्या फोनची ध्वनिमुद्रणं बाहेर आली. त्यांत अधिकारी हसत होते की सरकारला सांगितलेला सात अब्जांचा आकडा हवेतून काढला होता, एकदा सरकारचा पैसा आत आला की ते मागे फिरू शकणार नाही. अँग्लोला अखेर तीस अब्जांच्या आसपास लागले. सगळ्या बँका मिळून 64 अब्ज.

माझ्या मते चूक जामीन राहण्यात नव्हती. काहीतरी करणं भागच होतं. चूक सरसकट सही करण्यात होती. सामान्य ठेवीदारांबरोबर, जास्त व्याजासाठी जोखीम पत्करून बँकांना पैसे दिलेले व्यावसायिक गुंतवणूकदारही त्या एका सहीखाली झाकले गेले. नंतर त्यांचा तोटा त्यांच्या गळ्यात घालायचा म्हटलं तर कायदाच आड येत होता. त्या रात्री लेनिहनचा कल अँग्लो तेव्हाच ताब्यात घेण्याकडे होता, असं अर्थखात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं संसदीय चौकशीत सांगितलं. आपण त्याला डावललं नाही, असं काउएननी सांगितलं. लेनिहन साक्षीला हयात नव्हता.

पुढची दोन वर्षं नुसती छाटणी. सत्तरीवरच्या सर्वांना मिळणारी मोफत वैद्यकीय सवलत काढायचा प्रयत्न झाला तेव्हा हजारो म्हातारी माणसं संसदेसमोर आली आणि सरकारला बरंच मागे यावं लागलं. सरकारी नोकरांचे पगार कापले. बँकांची बुडीत बांधकाम-कर्जं उचलण्यासाठी नामा ही सरकारी संस्था काढली, तिनं 74 अब्जांची कर्जं सुमारे 32 अब्जांना घेतली. म्हणजे निम्म्याहून जास्त किंमत कागदावरच होती.

2009च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी एका टीव्ही वाहिनीनं बातमी दिली की अर्थमंत्र्याला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. घरच्यांना सणभरही उसंत न देता हे जाहीर केल्याबद्दल लोक वाहिनीवर भयंकर चिडले. जानेवारीत लेनिहननं स्वतः रेडिओवर येऊन सगळं सांगितलं आणि पद सोडलं नाही. उपचार घेत, मध्येच थकून, तो अर्थसंकल्प मांडत राहिला. त्याच्या धोरणांनी खिसा रिकामा झालेली माणसंसुद्धा त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत, तो इथून पुढे.

2010च्या ऑगस्टमध्ये त्याला बेल न ब्लॉ इथे भाषणाला बोलावलं. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स 1922च्या यादवी युद्धात जिथे मारला गेला ती जागा. फिआना फॉल हा त्या युद्धात कॉलिन्सच्या विरुद्ध बाजूला असलेल्यांनी काढलेला पक्ष. त्या स्मृतिदिनी या पक्षाच्या माणसानं बोलायला अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली.

नोव्हेंबरात पैसे संपले. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष त्रिशे यांनी 19 तारखेला लेनिहनला पत्र लिहिलं : मदतीचा अर्ज करा, नाहीतर तुमच्या बँकांना तातडीची रोकड देणं आम्ही थांबवू. हे पत्र चार वर्षांनी जाहीर झालं. आदल्या दिवशी सकाळी आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरनं सरळ रेडिओला फोन करून कर्ज येणार असं सांगून टाकलं होतं, सरकार अजून नाही-नाही म्हणत असताना. 28 नोव्हेंबरला युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी 85 अब्जांचा करार झाला. त्यातले साडेसतरा अब्ज देशाच्याच पेन्शन निधीतून आणि शिल्लकीतून घ्यायचे होते.

जानेवारीत काउएननी पक्षाचं नेतृत्व सोडलं. चार उमेदवार उभे राहिले : लेनिहन, पक्षाचे संस्थापक एमॉन डी व्हॅलेरांचा नातू, एका सिनेटरची मुलगी, आणि कॉर्कच्या एका बस ड्रायव्हरचा मुलगा मीहॉल मार्टिन. जिंकला मार्टिन.

आणि महिन्याभरात ती मतमोजणी. आत्या मेरी पडल्या. भाऊ कॉनर पडला. डब्लिनमधले सगळे सहकारी पडले. लेनिहन राहिला. त्यात सहानुभूती होतीच. पण आकड्यांतही काही होतं. 2007 मध्ये डब्लिन वेस्टला तीनच जागा होत्या, 2011 मध्ये चार झाल्या. पहिल्या पसंतीत पुढे होते मजूर पक्षाच्या जोन बर्टन, वराडकर आणि तोच जो हिगिन्स. जुनी तीन जागांची रचना असती तर पहिले तिघेच गेले असते. चौथ्या जागेसाठी लेनिहनचा कोटा पहिल्या पसंतीवर भरत नव्हता. बाकीचं काम दुसऱ्या-तिसऱ्या पसंतींनी आणि उरलेल्यांपेक्षा पुढे असण्यानं केलं. वडिलांना राष्ट्रपती निवासाच्या दारातून परत फिरवणारी पद्धत हीच.

या पद्धतीला वैतागून फिआना फॉलनं 1959 आणि 1968 मध्ये, दोनदा, ती रद्द करण्यासाठी सार्वमत घेतलं होतं. दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. 1968 मध्ये थोरला लेनिहन त्या सरकारात मंत्री होता. ते सार्वमत जिंकलं असतं तर 2011 मध्ये डब्लिनमध्ये पक्षाला ती एक जागाही दिसली नसती.

10 जून 2011 रोजी ब्रायन लेनिहन गेला, बावन्नाव्या वर्षी. डब्लिन वेस्टला पुन्हा पोटनिवडणूक लागली, ऑक्टोबरमध्ये. जागा मजूर पक्षानं जिंकली. मतपत्रिकेवर लेनिहन आडनावाचं कुणी नव्हतं.